दातांनी ऐकलेला ठोका

माणिकपूरच्या गॅरेजवरून जाताना जळक्या ऑइलचा वास आला की मला आमच्या वाडीतली एक सकाळ आठवते. महायुद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती. सासऱ्यांनी लष्कराची जुनी लॉरी केळी वाहायला घेतली होती, ती धाकटे दीर चालवत. माझे यजमान लष्करात ड्रायव्हर होते. तोफांनी कानांचे पडदे फाटले म्हणून घरी परतले होते आणि गाडीला हातही लावत नव्हते. त्या सकाळी घड भरून झाले आणि इंजिन ठोके देऊ लागलं. "आतलं बेअरिंग गेलं, आता ही भंगारातच," दीर म्हणाले. सासरे ओट्यावर मटकन बसले. तेवढ्यात हे उठले, काकडीच्या मांडवातली काठी उपसली, तिचं एक टोक दातांत धरलं आणि दुसरं चालू इंजिनावर जागोजागी टेकवत गेले. पाण्याच्या पंपापाशी थांबले. इंजिन बंद करवून पंप फिरवणारा पंख्याचा पट्टा उतरवला, पुन्हा चालू करायची खूण केली. ठोका नाहीसा झाला! "इंजिन धडधाकट आहे, पंप तेवढा बदल," ते दिरांना म्हणाले. "अरे, तुला ऐकू कसं आलं?" सासऱ्यांनी विचारलं. तो प्रश्न यांना ऐकूच गेला नाही. मी दातांकडे बोट दाखवलं, तेव्हा हसून म्हणाले, "हाडांतून येतो आवाज." दुपारी खोलीत मी त्यांच्या कपाळाला कपाळ टेकवून हळूच हाक मारली. त्यांनी ओ दिली. पुढे ते असेपर्यंत आम्ही तसेच बोलत आलो. मोठ्याने बोलायची सवय मला आजही नाही.