अक्कांचं दुखणं

अक्का सकाळी उठल्या की आधी पाठीचं भविष्य सांगायच्या. "आज मोडणार बघ. आज नाही तर उद्या, पण मोडणारच." हे त्या इतक्या शांतपणे म्हणायच्या की नव्या माणसाच्या काळजात धस्स व्हावं. लग्न करून पुण्याहून कानडी मुलखात, बसवनगुडीत आले तेव्हा माझ्याही झालं. हातातली दुधाची पातेली टाकून धावले, तर बाई चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या! "अय्यो, तू कशाला धावतेस? अजून मोडली नाही."

आमचे हे नव्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते आणि अक्कांच्या घरामागच्या दोन भाड्याच्या खोल्यांत आमचा संसार होता. अक्कांची माणसं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलेली. त्यांच्या मराठीत कानडी असं मुरलं होतं की पहिले काही महिने मी नुसती मान डोलवत असे. मला त्या नावानं कधी हाक मारत नसत. "ए पुणेकरीण, स्वल्प इकडं ये," एवढंच. मी चिडले की म्हणायच्या, "तुम्ही काल आलात गं. आम्हाला विचारा या गावचं."

आणि खरंच विचारावं! कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाच्या आजोबांनी कुठली विहीर बांधली, सगळं तोंडावर. रांगोळीत तर त्यांचा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. इकडची रांगोळी म्हणजे आमच्यासारखी पाटावर बसून काढलेली चार फुलं नव्हेत. अंगणात सडा घालायचा, कमरेत वाकून ठिपक्यांच्या ओळी मांडायच्या आणि मग एकच रेघ प्रत्येक ठिपक्याला वळसा घालत, कुठेही न तुटता, निघाली तिथेच परत आणायची. ठिपक्याला त्या चुक्की म्हणत. एक चुक्की चुकली की रेघ भलतीकडे जाते आणि मग ती पुसण्याशिवाय इलाज नसतो. अक्कांची कधी चुकत नसे.

पण पाठीचं मनात आलं की या बाईंचं दुसरंच रूप बघायला मिळे. घागर उचलायच्या आधीच डोळे मिटून म्हणायच्या, "आता कळ येणार." कळ आली नाही तरी ती कुठून येईल, किती येईल, आली तर आपलं कसं होईल, हेच चाललेलं. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं होतं, हाडं झिजलीत, दुखेल, पण मोडणार बिडणार काही नाही. अक्कांनी ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. त्या नादात सारात दोनदा मीठ पडे, दूध उतू जाई, मला त्या आपल्या गेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारत. "अक्का, ही मी!" म्हटलं की दचकायच्या.

एका वरमहालक्ष्मीच्या सकाळी अक्कांची रेघ जुळली नाही. सणाचा दिवस, सगळी गल्ली अंगणात, आणि अक्का कमरेवर हात ठेवून त्या उघड्या टोकाकडे बघत उभ्या. समोरच्या बाई प्रेमानंच म्हणाल्या, "असू द्या अक्का, वय झालं आता." अक्का आत आल्या आणि खांबाला टेकून बसल्या. मला म्हणाल्या, "आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी चुक्की विसरली, मग घरचा रस्ता, मग आम्हाला." मी त्यांचा थंड हात हातात घेऊन चोळत बसले.

अक्कांचा मुलगा राघू बँकेत होता. मुलगा भला, पण घाबरट. त्या दिवसापासून आईला चूल नको, एकटीनं बाजार नको, असं त्यानं ठरवलं. गौरीची पूजासुद्धा यापुढे सुनेनं मांडायची. वाद झाला असता तर मला बरं वाटलं असतं. अक्कांनी कमरेच्या किल्ल्या स्वतःच काढून सुमतीच्या, म्हणजे सुनेच्या, हातात दिल्या. "सरी, ठीक आहे," म्हणाल्या, "तेच बरं." मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. विचारलेल्याला उत्तर देईनात. मला त्या घराचा राग राग यायचा. जिवंत बाईला असं अडगळीत टाकतात का?

गौरीच्या आदल्या दिवशी सुमतीला ताप भरला आणि अंगणातली रांगोळी माझ्या गळ्यात पडली. मला कुठली येते! ठिपके मांडता मांडताच घोळ झाला. अक्का आत माजघरात तेल चोळून चटईवर पालथ्या पडल्या होत्या, तिथून अंगण दिसत नव्हतं. मी वैतागून ओरडले, "अक्का, पुढे काय करू हो?"

"मधल्या ओळीत किती ठेवल्यास?" आतून आवाज आला.

मी सांगितलं.

"एक जास्ती झाली. पूस. आता दोन्हीकडं एकेक कमी करत जा."

मग त्या सांगत गेल्या आणि मी काढत गेले. कोपऱ्यातल्या चुक्कीला बाहेरून वळसा घाल, पुढच्या दोघींच्या मधून आत ये, आता उजवीकडं, घाई करू नको. एकदा मीच चुकले तर पडल्या पडल्या म्हणाल्या, "आता तू खालच्या चुक्कीपाशी असायला पाहिजेस. आहेस काय?" मी नव्हते! परत पुसलं. शेवटी रेघ फिरून फिरून आली ती बरोबर सुरुवातीच्या टोकावर.

हात पांढरे तसेच घेऊन मी आत धावले. "अक्का, जुळली! एवढी मोठी रांगोळी न बघता सांगितलीत. कोण म्हणतं तुमचं डोकं चालत नाही?"

अक्का हळूच कुशीवर वळल्या. "पाठ दुखत होती गं," म्हणाल्या. "आत्ताही दुखतेय. पण वाकायचं नव्हतं. आता मोडणार, आता मोडणार, ते मनात आलंच नाही." मग स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे माझं डोकं पाठीनं नाही खाल्लं. त्या भीतीनं खाल्लं."

राघूला मी अंगणात नेऊन उभं केलं आणि चांगलं सुनावलं. भाडेकरणीच्या तोंडी न शोभणारं बरंच काही बोलले असेन. पण गौरीची पूजा मिळवली ती अक्कांनीच. संध्याकाळी सुमतीचा ताप उतरला आणि रात्रीच्या जेवणाला पानावर बसताना अक्का नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "राघू, उद्या गौर मी मांडणार. वाकायला सुमती, सांगायला मी."

अक्का एका दिवसात बदलल्या असं सांगेन तर ते खोटं ठरेल. भविष्य सांगणं सुटलं नाही. पण अर्ध्यावर त्या स्वतःलाच दटावू लागल्या. "दुखू दे. आत्ता मी मीठ घालतेय," असं मोठ्यानं म्हणायच्या आणि मीठ एकदाच घालायच्या. चुका अजूनही व्हायच्या, माणसाच्या होतात तेवढ्या. आता मी जे. पी. नगरला लेकीकडे असते, माझीही कंबर धरते, आणि गॅसपुढे माझ्या तोंडून तेच वाक्य निघतं. नात हसते. हसू दे.

आम्ही दुसऱ्या घरी गेल्यावर जाणं कमी झालं. एकोणीसशे साठचं दशक सरत आलं तेव्हा राघूचा निरोप आला, आईला बघून जा. अक्का अंथरुणाला खिळल्या होत्या. राघू दारातच हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, आई तुम्हाला ओळखेल असं नाही हं. मनाला लावून घेऊ नका." मी खोलीत गेले. आत अक्का भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या, केवढ्याशा झालेल्या.

मी काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, "पुणेकरीण आली. अजून पाय आपटतच चालते." आणि मग, "मला वळता येत नाही गं. तूच या बाजूला ये, तुझं तोंड बघू दे."

डोळे पुसत मी पलंगाला वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन बसले.