उशाखालचं लिंबू

हैदराबादच्या दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी मालकाच्या डोळ्यांत दिवा धरून बघितलं, डोक्याचा फोटो काढला आन् मला बाजूला घेतलं. म्हणाले, "ब्रेन ट्यूमर. म्हणजे मेंदूत गाठ आहे, काढता यायची नाही. आता बाई, एकट्या बसू नका. दुसरं माणूस जोडीला घ्या, नाहीतर त्यांच्याआधी तुम्ही पडाल."

आमच्या गावात, नांदूरघाटात, मला दुसरं माणूस एकच होतं. धाकटी जाऊ कोंडाबाई, भिंतीला भिंत लागून.

मालकाचं डोकं सकाळी लई ठणकायचं, काही न खाता उलटी व्हायची. लिंबू हुंगलं की बरं वाटायचं, म्हणून कापलेलं लिंबू मी उशाखाली ठेवायचे. कोंडाबाई भेटायला आली, अंथरूण नीट करताना तिला ते दिसलं. हात झटकून उठली. दिवस मावळायच्या आत गावभर झालं, बाईनंच नवऱ्यावर करणी केली.

मग कोण येतंय? सात महिने मी एकटी. झटका आला की त्यांना कुशीवर वळवायची, अंथरूण धुवायची, पाण्याला गेले तर पळत माघारी यायची. एका सकाळी विहिरीवर असतानाच त्यांना झटका आला आन् ते गेले. मी माघारी आले तवा भिंतीपलीकडं कोंडाबाई दळत होती. तिला त्यांची तडफड ऐकू गेली नसंल, असं मी मरेपर्यंत म्हणणार न्हाई.

थांब, म्हणलं, तुझी बी पाळी येईल. मी वाट बघितली, खोटं कशाला सांगू?

चार वर्षांनी दिराला अर्धांगवायू झाला. एक अंग गेलं, खाल्लेलं पोटात ठरंना. त्या घराला करणी लागलीय म्हणून कुणी फिरकंना. तिनंच पेरलेलं होतं ते. मला लई गोड वाटलं. पंधरा दिवस मी भिंतीला कान लावून तिची धावपळ ऐकली. सोळाव्या दिवशी दारातच तिची घागर फुटली, आन् ती तिथंच बसून राहिली.

भर दुपारी समोरच्या ओसरीवरच्या बायकांदेखत मी तिच्या घरात गेले. लिंबू कापलं, दिराला हुंगवलं, उशाखाली ठेवलं.

"आक्का..." ती म्हणाली.

"माझी घागर घे, पाण्याला जा. तू येईस्तोवर मी उठत न्हाई."

ती रडली. मी समजूत काढली न्हाई.

तुमच्या घरी असलं दुखणं आलं तर जोडीला माणूस धरा, आन् दुसऱ्याच्या घरी आलं तर तासभर जाऊन बसा. दीर काठी धरून चालायला लागेपर्यंत मी रोज बसले. कोंडाबाईला माफी मात्र दिली न्हाई. ती पाणी घेऊन यायची, मला उशाशी बसलेली बघायची, आन् तिची मान खाली जायची. रोज.