मुक्या चौकटींचा वर्ग

"अहो मॅडम, गनित नाही, गणित. आधी मराठी शिकून या, मग आमच्या मुलांना शिकवा."

लॉकडाउनमधला आठवीचा ऑनलाइन तास. स्क्रीनवर एका मुलाची चौकट आणि तिच्यातून त्याच्या वडिलांचा आवाज. माणूस दिसत नव्हता. मुलं हसली. कुणीतरी चॅटमध्ये टाकलं, 'गनित मॅडम'. मग खाली रांगच लागली.

मी बदलापूर गावातली. आगरी समाजातली पोर. आमच्या घरात ण नाही, ळ नाही. बीएड झाले तरी शिकवण्यात रंगले की जिभेवर घरच येतं.  त्या दिवशी अर्धं राहिलेलं समीकरण मान खाली घालून पुरं केलं.

त्याआधी माझ्या तासाला सगळ्यांचे माइक उघडे असायचे. एकानं सोडवायचं, बाकीच्यांनी अडवायचं. उल्हासनगरची सिंधी पोरं हिंदीत भांडायची, "अरे, माइनस उधर जाके प्लस होगा ना!" मागे कुकरच्या शिट्ट्या, कुणाचं भावंड रडतंय. गोंधळ होता. पण वर्ग होता.

विठ्ठलवाडीच्या चाळीतली एक मुलगी भांडण्यात सगळ्यांच्या पुढे. तीही आगरी, माझ्यासारखीच बोलणारी. त्या दिवसापासून तिचा माइक बंद. विचारलं की चॅटमध्ये नुसतं उत्तर. बरोबर उत्तर. मी फोन केला.

"मॅडम, ते तुमालाच हसले. मंग मना सोडतील काय?"

माझा अपमान मी गिळला असता. हे गिळता येईना.

पाठोपाठ मुख्याध्यापकांचा फोन आला. "पालकांची तक्रार आहे. यापुढे मुलांना म्यूट ठेवा. स्लाइड दाखवा. कमी बोला."

"आणि त्या पालकांना काय सांगितलंत, सर?"

"ते ट्रस्टींच्या ओळखीतले आहेत. तुम्ही उच्चार सुधारा."

"नाही, सर. मी अशीच बोलणार. आणि मुलांना म्यूट करणार नाही."

दुसऱ्या दिवशी सगळे माइक उघडले. म्हटलं, "मी घरी बोलते तशी बोलणार. तुम्ही पण बोला." कुणीच बोललं नाही. नुसता पंख्यांचा आवाज. आठवड्याभरात वर्ग माझ्याकडून काढला. नव्या सरांनी सगळ्यांना म्यूट केलं. शाळेत त्यांचं कौतुक झालं, काय शिस्त आहे म्हणून! ती मुलगी शेवटपर्यंत बोलली नाही.

आता मी अंबरनाथच्या दुसऱ्या शाळेत आहे. सुट्ट्यांत उजळणीचे तास ऑनलाइनच असतात. पहिल्याच तासाला, पालक मागे बसलेले असतानाच, मी सांगते: इथं कुणी कुणाच्या बोलण्याला हसलं तर शिकवणं तिथंच थांबेल. मूल असो, बाप असो, ट्रस्टी असो. हसणारा सगळ्यांसमोर माफी मागेल. तोवर मी पुढची ओळ लिहिणार नाही. नोकरी गेली तरी नाही.