वस्तादांनी मातीत पाय ठेवला

मंगळवारी पुन्हा नेरला उतरलो. तिकीट खरं तर दारव्ह्याचं होतं... पण मोटार थांबली, समोर आखाड्याचं कवाड दिसलं आणि राहवलं नाही.

त्यामागे पोळ्याची एक गोष्ट आहे. इतके दिवस कुणाला सांगितली नाही, कारण त्यात चूक माझी आहे.

नेरला रहीमचाचांचं सायकलचं दुकान आहे. त्याला लागूनच आखाडा, आणि तिथले वस्तादही तेच. मारुतीपुढे उदबत्ती लागल्याशिवाय माती उकरू देत नाहीत, आणि शुक्रवारची नमाज चुकवत नाहीत. श्रावणात मी असाच भटकत तिथं पोचलो, तर त्यांनी मला मालिशवाला म्हणून ठेवून घेतलं.

लांबून पाहिलं की पहिलवान कसा दगडासारखा दिसतो... अंगाला हात लावला की कळतं, धड एकही नाही. कुणाचा कान चुरगळून भज्यासारखा झालेला, कुणाचा खांदा एकदा निखळला तो निखळतच राहिलेला. एकाची कंबर सकाळी धरते ती दुपारी सोडते. घोटा मुरगळलेला तर रोज एक तरी.

चाचांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "अबे मुसाफिर, आधी इचारायचं, कधीपासून दुखते? ताज्या लचकीले थंड पानी. जुन्या दुखण्याले शेक. उलटं केलं तं पाय जाईन कोनाचा."

किसन हा चाचांचा लाडका पठ्ठ्या. दिवाळीनंतर कापसातली सरकी काढायचं जीन सुरू झालं की तिथं हमाली करतो, कापसाचे बोझे पाठीवर. घरात आई आणि दोन बहिणी, कमावता हा एकटाच. त्याचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून ठणकायचा, आणि त्याला मी रोज गरम विटेचा शेक द्यायचो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, नेरला कुस्त्यांची दंगल असते. सकाळी मी विटा तापवायला ठेवल्या आणि बाहेर आलो, तर रस्त्यात एक दरवेशी अस्वल घेऊन उभा. अस्वल त्याच्या हातातली काठी घ्यायचं, परत द्यायचं... मी पाहतच राहिलो. परतलो तेव्हा उशीर झालेला, किसन पाय पसरून बसलेला. काही न विचारता घाईघाईत शेकलं आणि वरून रगडलंही. किसननं दात आवळले. मला वाटलं, रोजचंच आहे.

रोजचं नव्हतं. आदल्या संध्याकाळी सराव करताना तोच गुडघा पिरगळला होता. चाचा कुस्तीतून काढतील, म्हणून त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुपारी बडनेऱ्याकडचा पहिलवान समोर उभा राहिला. मातीत उतरताना आमच्याकडे उजवा गुडघा टेकून कपाळाला माती लावतात. किसननं डावा टेकला.

तेवढ्यावरून चाचांनी ओळखलं. चपला काढल्या आणि ते थेट आत शिरले. आता वस्तादानं कुस्तीआधी मातीत पाय ठेवला की कुस्ती सोडली, असा तिथला रिवाज. चाचांनी चिमूटभर माती उचलून समोरच्या पहिलवानाच्या खांद्याला लावली आणि म्हणाले, "कुस्ती तुमची."

मग जो गलका झाला... "नेरवाले पळाले! जा, घरी जाऊन भाकरी थापा!" एकानं बांगड्या भरायला सांगितल्या. चाचा खाली मान घालून किसनला दंडाला धरून बाहेर आणत होते.

"माहं नाक कापलं तुम्ही, चाचा," किसन रडत म्हणाला.

"नाक कापलं तं चालते बाप्पा. पाय गेल्यावर बोझा कोन उचलन?"

गुडघा एव्हाना लाल होऊन टम्म फुगला होता. संध्याकाळी मी चाचांना अस्वलापासून सगळं सांगितलं. वाटलं, आता कानाखाली बसणार. त्यांनी पायजमा वर सरकवला. त्यांचाच गुडघा, वाकडा, नारळाएवढा.

"माह्या वस्तादानं मले नाही थांबवलं. जिंकलो मी त्या दिवशी... आजबी पायरी चढतानी ते जिंकनं याद येते."

मी कुठंच फार टिकत नाही, पण तेव्हा पंधरा दिवस थांबलो. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, गुडघा बांधला, किसनला खाटेवरून उतरू दिलं नाही. तो माझ्याशी बोलायचा. चाचा आले की भिंतीकडे तोंड करायचा. मग मी निघालो... पण जीन सुरू झाल्याची बातमी जिथं कानावर पडली, तिथं एकच मनात आलं. किसनचा पाय उभा राहील का?

तर परवाचा मंगळवार. कवाडातून पाहिलं, किसन जीनमधून सरळ आखाड्यात आलेला. केसांत कापसाचे तंतू, खांद्यावर बोझ्याच्या दोरीचा वळ. वाकला आणि मारुतीसमोर उजवा गुडघा टेकला. उठलाही, हात न टेकता.

चाचा हातात सायकलचं चाक घेऊन दुकानाच्या दारात उभे होते. त्यांनी पाहिलं आणि ते चाक फिरवायला लागले.

किसन वर न पाहता म्हणाला, "चाचा, माती कोरडी हाये, तेल कमी पडलं."

करीनंतरचं त्याचं चाचांशी हे पहिलंच बोलणं, असं मला मागून कळलं.

"मंग टाक ना! हात बी मुरगळला काय तुहा?" चाचा ओरडले.

दारव्ह्याची मोटार तोवर निघून गेली होती. जाऊ दे... आता मी कुणाच्याही अंगाला हात लावण्याआधी विचारतो, कधीपासून दुखतं? आणि उत्तर येईपर्यंत जागचा हलत नाही. एवढं थांबणं मला रहीमचाचांमुळे आलं.