माळ्यावरचा कैदी

माझ्या भाऊजींइतका आनंदी कैदी उभ्या महाराष्ट्रात झाला नसेल. गुन्हा करायची मात्र त्यांची छाती नव्हती. अंबरनाथच्या कारखान्यात साहेब नुसता खाकरला तरी हे उभे राहत. उल्हासनगरला पायजमा आणायला गेले आणि दुकानदाराने "ले जाओ साईं, आप पे जचता है" म्हटलं, म्हणून शेरवानी घेऊन परतले. घरात त्यांचे थोरले बंधू, दादा. आमटीत मीठ किती हेसुद्धा दादा ठरवत आणि भाऊजी "बरोबर आहे" म्हणत.

अशा माणसाने ऐंशीच्या दशकात वाचनालयातून एका राष्ट्रनेत्याचं जाडजूड चरित्र आणलं आणि तो बिघडला. तुरुंगवासाचं प्रकरण वाचून कुणालाही गहिवरून आलं असतं. भाऊजींना हेवा वाटला. "अरे, एका माणसाला अख्खी खोली," ते मला म्हणाले, "आणि वर वाचायला निवांत वेळ. माणूस आतून मोकळा होईल नाही तर काय?" त्यांच्या दोन खोल्यांत आठ माणसं राहत असल्यामुळे मलाही ते पटलं.

मग दर रविवारी त्यांनी स्वतःला कैद फर्मावली. स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी सतरंजी अंथरायची, वर चढायचं आणि शिडी ओढून घ्यायची. माझी ताई, म्हणजे कैद्याची बायको, दोरी बांधलेल्या टोपलीतून जेवण पाठवी. तुरुंगात पापड देत नाहीत, अशी तक्रार करून कैदी दोन पापड खाई. शेजारच्या काकूंनी तर आमच्या ह्यांनाही आत घ्या म्हणून अर्ज केला. संध्याकाळी सुटका झाली की भाऊजींचा चेहरा इतका पडे की आम्हाला हसू आवरत नसे.

त्याच सुमारास ताईला बदलापूरच्या शाळेत नोकरी लागली. तिने किती वर्षं वाट पाहिली होती हे मला ठाऊक होतं. दादांनी सांगितलं, आपल्या घरातल्या सुना नोकरी करत नाहीत. पुढचं भाऊजींचं "बरोबर आहे" ताईला पाठ होतं. रविवारी दादा माळ्याखाली उभे राहिले आणि उद्या शाळेत जाऊन नकार कळवून ये, असं त्यांनी भाऊजींना फर्मावलं. वर पान उलटल्याचा आवाज झाला. मग जळमटं लागलेलं एक डोकं खाली डोकावलं.

"दादा, ती नोकरी करणार."

"आधी खाली ये आणि मग बोल."

"खाली आलो की मला बोलता येत नाही. म्हणून वरूनच सांगतो."

दादा शिडी शोधू लागले. शिडी वर होती.

ताई त्याच शाळेतून निवृत्त झाली. आता दादा नाहीत, मुलं पांगली, आणि चिखलोलीच्या ऐसपैस फ्लॅटला माळा नाही. भाऊजी चरित्राची स्वतःची प्रत घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरतात, पण कुठे मन लागत नाही. परवा गेलो तर ते अडगळीच्या खोलीत दार लावून बसले होते. ताईने दार वाजवून कैद्याला चहा हवा का विचारलं.

आतून म्हातारा आवाज आला, "चहा राहू दे. तूच आत ये."

ताई आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.