मखमली शेंगांचा वेल

समोरच्या फ्लॅटमधली ती आमच्याकडे आली की आधी बसायची नाही. टेबलापाशी जाऊन माझ्या फुलदाणीतली दोन-तीन फुलं उपसायची आणि मग म्हणायची, "गर्दी झालीय गं." फुलं मी विकत आणलेली, काढायची तिने, आणि सांडलेलं पाणी पुसायचं मी. ती गेल्याला आता वर्ष होईल. माझं टेबल कोरडं असतं.

मुलांनो, तुम्ही तिला पाहिलंय. मागे आला होतात तेव्हा लिफ्टमध्ये जिच्या काडीपासून धाकट्याचा डोळा थोडक्यात वाचला, तीच ही.

बोरिवलीत जंगलाच्या कडेला राहण्याचा तिच्याएवढा फायदा बिबट्यांनीही घेतला नसेल. सकाळी फिरायला जायची रिकाम्या हातांनी आणि परतायची सरपण घेऊन. सावरीची बोंडं, पळसाची वाकडी फांदी, सुगरणीचं पडलेलं घरटं, सगळं घरभर शोभेला मांडायची. वॉचमन विचारायचा, "मॅडम, गॅस संपला काय?" नखं जपायला ती रबरी हातमोजे घालूनच तोडायची. निसर्गावर प्रेम होतं, पण मोजे घालून.

"फूल कोणीही लावेल गं. काडी लावायला नजर हवी." असेल. मला फक्त चहाचा कप ठेवायला जागा हवी असायची. ती तिच्या घरात नव्हती.

तिची मुलगी छत्तिशीची. लग्न दोनदा जमता जमता फिसकटलेलं. तिसरा मुलगा मुलीने स्वतःच शोधला आणि एका रविवारी तो आईवडिलांना घेऊन घरी यायचं ठरलं. मुलगी माझ्यादेखत म्हणाली, "आई, एक दिवस. एक दिवस घर घरासारखं दिसू दे ना, यार."

"एकच काहीतरी ठेवते," ती म्हणाली. मुलगी आत गेल्यावर मला हळूच विचारलं, "ह्या वेळी होईल ना गं?" हा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

ते 'एकच' म्हणजे एका काठीवर चढवलेला वाळका वेल. त्याला सोनेरी लव असलेल्या शेंगा, अगदी मखमल. मीही शहरातलीच, "सुंदर" म्हणून मोकळी झाले.

पाहुणे घाम पुसत बसले. तिने पंखा पाचावर केला.

आधी मुलाचे वडील मान खाजवू लागले, मग मुलगा, मग पोह्यांची बशी हातात धरून मी. मुलाची आई मालवणची. त्या उठल्या, शेंगांकडे वाकल्या आणि ओरडल्या, "अगो बाये! ही तर खाजकुयली! कोणी हाडली ही घरात?"

ती भिंतीला टेकून उभी राहिली. मुलगी तिच्याकडे बघत होती. रागाने नव्हे, आणि तेच वाईट होतं.

त्या बाईंनी पंखा बंद केला, हाताला पिशवी गुंडाळून वेल काठीसकट पोत्यात कोंबला. मग दंड खाजवत म्हणाल्या, "आमच्याकडे ह्याला शेण लावतात. सातव्या मजल्यावर ते कुठलं मिळायला! अहो विहीणबाई, उभ्या काय? खोबरेल तेल आणा."

तेल आणायला गेलेली ती परत येईना. मी आत गेले. बाटली छातीशी धरून, कपाटाला डोकं टेकून ती रडत होती.

"फार खाजतंय का गं?" मी विचारलं.

"त्या मला काय म्हणाल्या?" ती म्हणाली. "परत एकदा सांग."