सगळ्यांचे पासवर्ड पाठ असलेला माणूस

लंडनमधल्या इल्फर्डच्या मराठी मंडळात कुणाचा वाढदिवस कधी हे मीनाक्षीताईंना पाठ, कुणाकडे इंडियातून कोण पाहुणे उतरलेत हे ज्ञानेश्वररावांना पाठ, आणि कुणाचा पासवर्ड काय हे शशिधर मोघेला पाठ. लिहून ठेवायची त्याला गरजच नव्हती. ठेवलेले त्यानेच होते.

मंडळाची वेबसाइट त्याने एकट्याने उभी केली होती. नवं कुटुंब आलं की तो त्यांचं खातं उघडायचा, एका घराला एक, आणि माणसं बघून पासवर्डही स्वतःच ठरवायचा. अध्यक्षा मीनाक्षीताई प्रत्येक वाक्य 'अगं बाई माझे' अशा पाकात बुडवून काढायच्या, म्हणून त्यांना 'गुलाबजाम'. अलका प्रधान फटकळ, तिला 'मिरगुंड'. आणि ज्ञानेश्वरराव म्हणजे दारात आलेल्याला 'चहा घेऊनच निघाला असाल ना?' असं विचारणारा माणूस. त्यांना 'सुकीभेळ'. त्यांना वाटायचं, आपल्याला भेळ आवडते म्हणून.

दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेतून कुणीतरी हाक मारायचं, "शशी, आमचा काय रे?" आणि शशिधर हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला ठणकावून सांगायचा, "अनारसा!" त्या क्षणी त्याची छाती सदऱ्यात मावायची नाही. एरवी तो कौन्सिलच्या कॉम्प्युटर हेल्पडेस्कवर बसून दिवसभर गोऱ्यांची कुलपं उघडायचा. 'शॅश, मेट, मी परत लॉक झालो, तू एक स्टार आहेस' असे फोन यायचे आणि काम झालं की स्टार विसरला जायचा. तिथे तो नियमाला पक्का. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, कुणाचा विचारायचा नाही, हे नव्या माणसांना तोच शिकवायचा. पण ती नोकरी. मंडळ म्हणजे घर, आणि घरात कसली आलीय लपवाछपवी?

मग एका उन्हाळ्यात मंडळाच्या वेबसाइटवर ज्ञानेश्वररावांच्या नावाने निमंत्रण झळकलं: 'येत्या रविवारी आमच्याकडे जेवायला यावे. सहकुटुंब.' मराठी माणूस मीटिंगला उशिरा येतो, जेवायला नाही. रविवारी त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडला. बिचाऱ्या वहिनींनी पिठलं टाकलं, मग आणखी टाकलं, मग शेजारच्या पंजाबीणीकडून बेसन आणलं. ज्ञानेश्वरराव सोफ्यावर बसून प्रत्येकाला सांगत होते की हे मी लिहिलेलं नाही, आणि लोक 'काय विनोदी आहात हो' म्हणत दुसऱ्यांदा वाढून घेत होते.

लिहिलं कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कळणार कसं? 'सुकीभेळ' अख्ख्या हॉलने ऐकली होती.

आणि त्या पिठल्यातून उगवली देवयानी बोकारे. मूळची नागपूरची, सिटीतल्या एका बँकेत कॉम्प्युटरची राखण करायची. समितीपुढे ती अगदी गोड बोलली. "काकांनी मस्त करून ठेवलं होतं बाप्पा. फक्त आता माणसं वाढून राहिली ना." मग तिने सगळं उलटंपालटं केलं. एका घराला एक नव्हे, एका माणसाला एक खातं. मंडळ सोडून गेलेल्यांची खाती बंद. पासवर्ड ज्याचा त्याने ठरवायचा, जे शेजारणीलाही ठाऊक आहे ते त्यात घालायचं नाही. विसरला तर नवा ठरवायचा दुवा ईमेलवर येईल. तीनदा चुकला तर खातं बंद, ते तिनेच उघडायचं. आणि कुणाचा पासवर्ड काय आहे ते स्वतः तिलाही दिसणार नाही.

"मग तुला सगळं माहीत असण्याचा उपयोग काय?" शशिधरने विचारलं.

लोक हसले. त्याने विनोद केला नव्हता.

त्यानंतर शशिधरच्या पोटात जे दुखू लागलं ते ओव्याने जाणारं नव्हतं. मंगळागौरीला रांगेतून हाक आली, तीही 'देवयानी' अशी. तिने सांगितलं काय, तर 'ईमेल बघा ना काकू', आणि काकू तिच्या गालावरून हात फिरवून गेल्या. आपण इतकी वर्षं अनारसे वाटले, आपल्या गालावरून कुणी हात फिरवला? घरी येऊन तो बायकोसमोर, सुमनसमोर, देवयानीची नक्कल करायचा. 'करून राहिले, होऊन राहिलं', नाकातून, मान वेळावत. सुमन भाजी निवडत म्हणायची की हुबेहूब जमतंय, पण पोरगी हुशार आहे हो. एवढं म्हटलं की त्याचा पापड मोडायचा.

पण खरा काटा रुतला तो वेगळाच. आधी 'मोघे फॅमिली' असं एक खातं होतं, पासवर्ड 'सुधारस', त्यानेच ठेवलेला. आता सुमनचं स्वतःचं खातं झालं. तिने ते उघडलं तेव्हा तो चहा घेऊन मागे उभा राहिला, आणि तिने सहज, अगदी सहज, पडदा थोडा पलीकडे वळवला.

त्याने हसत हसत विचारलं, काय ठेवलास? ती म्हणाली, ठेवलाय एक. दोन दिवसांनी त्याने जेवताना विचारलं, मग बसमध्ये विचारलं. नॉटिंगहॅमला शिकणाऱ्या लेकीला, नीनाला, फोन करून तिच्याकडून काढायला बघितलं. ती म्हणाली, "बाबा, आईची पासवर्ड तुझी बिझनेस नाही." सुमनने ठेवलाय तरी कुणाच्या नावाचा? दादरला तिच्या चाळीत एक पेटी वाजवणारा होता. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि त्या पेटीवाल्याचं नाव शशिधरला आत्ता आठवेना, म्हणून तो आणखी जळला.

गणपतीच्या मेळाव्यात सुमनला उकडीच्या मोदकांचा स्टॉल लावायचा होता. 'मोघे फॅमिली'चा नव्हे, तिचा. हॉलमध्ये जागा थोड्या, जो आधी नोंदवेल त्याची, आणि अलका प्रधानचाही मोदकांवर डोळा होता. नोंदणी शनिवारी दुपारी सुरू होणार होती. सकाळी सुमन इल्फर्ड लेनवर नारळ बघायला गेली आणि शशिधर छोट्या खोलीत कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला.

सुमनच्या खात्याला त्याने आधी लेकीचं नाव टाकलं. नाही. मग सुमनच्या माहेरचं आडनाव. नाही. तिसऱ्यांदा त्याने बराच वेळ हात कीबोर्डवर तसेच ठेवले, खिडकीबाहेर बघितलं, आणि हळूच स्वतःचं नाव टाकलं.

खातं बंद झालं.

तो घाबरला, आणि पाठोपाठ त्याच्या मनात फार मऊ असा एक विचार आला. आपण गप्प बसलो तर? सुमनची नोंदणी होणार नाही. ती मीनाक्षीताईंना सांगेल, त्या पाकात बुडवून साऱ्या मंडळाला सांगतील की नवीन काम कुचकामी आहे, आपल्या शशीचंच बरं होतं. पुन्हा रांगेतून हाक येईल. त्याने खुर्ची होती तशी सरकवली आणि खाली जाऊन पेपर उघडला.

सुमन आली, नारळ ठेवले, वर गेली आणि तिथूनच ओरडली की हे उघडत नाहीये. शशिधर जिन्यावरून म्हणाला, "मी म्हणत नव्हतो?"

तिने देवयानीला फोन लावला आणि दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरवर टाकला. देवयानीने जरा वेळ खुटखुट केलं. मग म्हणाली, "काकू, बिघडलं काहीच नाही. सकाळी कोणीतरी तुमचं खातं उघडून पाहून राहिलं होतं."

सुमनच्या डोळ्यांपुढे ज्ञानेश्वररावांच्या दारातला चपलांचा ढीग आला असावा. कुणीतरी तिच्या नावाने काहीबाही लिहिणार होतं. बाई माणूस, कशावर कोण विश्वास ठेवील सांगता येत नाही. तिने उठून खिडकीची कडी लावली. देवयानी सांगत होती की घाबरू नका, प्रयत्न कुठल्या कनेक्शनवरून झाला ते मला दिसतं, शोधू का?

शशिधरला मंडळ हवं होतं, पण ती लावलेली कडी नको होती.

"शोधू नकोस," तो दारातून म्हणाला. "मीच होतो."

मग सुमनने अगदी शांतपणे विचारलं, काय काय टाकलंत? त्याने पहिली दोन सांगितली. तिसरं सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की देवयानीने फोनमधून "अं?" केलं.

सुमनने त्याच्याकडे बघितलं. लग्नापासून आजवर तिने त्याला 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. नाव घेतलं होतं ते उखाण्यात, बारशाला, हळदीकुंकवाला, दरवेळी नव्या जुळणीत.

"अहो, तुमचं नाव मी चारचौघांत घेते," ती म्हणाली. "जे सगळ्या बायकांना पाठ आहे ते कुलपाला कशी लावीन?"

त्याला हे बरं वाटावं की वाईट, ते कळेना. दोन्ही वाटलं.

मग देवयानीने तिला तिच्याच बद्दलचे दोन-चार प्रश्न विचारून खातं उघडलं आणि नवा पासवर्ड ठेवायला सांगितलं. "काका, तुम्ही जरा पाठ करा तिकडे." ज्या माणसाने अख्ख्या हॉलला अनारसा ऐकवला होता, तो मुकाट खिडकीकडे वळला. समोरच्या बागेत शेजारी गवत कापत होता.

मागे टकटक सुरू झाली. इतकी वर्षं हेल्पडेस्कवर काढलेला माणूस. कळा ऐकायच्या नाहीत असं त्याने ठरवलं, आणि एकेक कळ ऐकली. 'शशिधर' संपायला हवं होतं तिथे टकटक थांबली नाही. पुढे गेली, आणखी पुढे, मोठ्या अक्षराची कळ दाबून पुन्हा पुढे. एवढं लांब नाव त्या चाळीत कुणाचं होतं?

"वळा आता," सुमन म्हणाली. "मोदकांची जागा मिळाली. अलकाच्या आधी."

"बराच मोठा ठेवलास गं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली, आणि नारळ त्याच्या हातात दिला. "हा खवा."